तीनदा निशाण उतरवलेला कप्तान

बॉस्टन परिसरातील मराठी घरांत भारतातून पाहुणे आले की एक फेरी बहुधा ठरलेली असते. चार्ल्सटाउनच्या जुन्या नौदल गोदीत उभे असलेले ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे जहाज पाहायचे, तोफांशेजारी छायाचित्रे काढायची आणि जेवायला परत फिरायचे. १७९७ साली पाण्यात उतरलेली ही तीन डोलकाठ्यांची युद्धनौका आजही अमेरिकी नौदलाच्या सेवेत नोंदलेली आहे. १९ ऑगस्ट १८१२ रोजी ‘गेरिअर’ या ब्रिटिश जहाजाशी झालेल्या लढाईत तोफगोळे तिच्या ओकच्या कुशीवर आदळून परत कसे फिरले, ही कथा तेथे येणाऱ्या प्रत्येकाच्या कानी पडते.

त्याच वर्षाच्या २९ डिसेंबरला याच जहाजाने आणखी एक लढाई जिंकली. ती तुलनेने कमी सांगितली जाते. मला मात्र तीच अधिक महत्त्वाची वाटते, आणि त्याला दोन कारणे आहेत. त्या दिवशी पराभूत झालेले ‘जावा’ हे ब्रिटिश जहाज मुंबईचा माल आणि मुंबईला जाणारी माणसे घेऊन निघाले होते, हे एक. दुसरे कारण जिंकणारा कप्तान. विल्यम बेनब्रिज याच्या नावावर त्या दिवसापर्यंत एकही मोठा विजय नव्हता. होत्या त्या तीन मानहानी.

बेनब्रिजचा जन्म ७ मे १७७४ रोजी न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे झाला. वडील वैद्य होते. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी ब्रिटिश राजाची बाजू घेतली आणि त्याची किंमत कुटुंबाला मोजावी लागली. मुलाचे बालपण बरेचसे आजोळी गेले. पंधरा-सोळाव्या वर्षी तो व्यापारी जहाजावर चढला आणि विशी गाठण्यापूर्वीच स्वतंत्र जहाजाचा कप्तान झाला. ‘होप’ नावाच्या जहाजावरील बंड त्याने जवळजवळ एकट्याने मोडून काढले, असे त्याचे जुने चरित्रकार सांगतात. उंचापुरा, दणकट बांध्याचा, चटकन संतापणारा असा हा तरुण होता. खलाशांशी त्याचे वागणे आयुष्यभर कठोरच राहिले.

१७९८ साली फ्रान्सशी अघोषित सागरी युद्ध सुरू झाले आणि अमेरिकेचे नवेकोरे नौदल अधिकारी शोधू लागले. बेनब्रिजला ‘रिटॅलिएशन’ हे १४ तोफांचे छोटे जहाज मिळाले. नावाचा अर्थ प्रतिशोध. हे जहाज मुळात फ्रेंचांकडूनच पकडलेले होते. २० नोव्हेंबर १७९८ रोजी ग्वादलूप बेटाजवळ दोन फ्रेंच फ्रिगेटी त्याच्या अंगावर आल्या. त्या ब्रिटिश असाव्यात अशा समजुतीने तो नको तितका जवळ गेला होता. लढण्यात अर्थ नव्हता. त्याने निशाण उतरवले. शत्रूला शरण गेलेले अमेरिकी नौदलाचे ते पहिले जहाज ठरले. त्या प्रसंगातही त्याने एक गोष्ट साधली. त्याच्या सोबतच्या दोन अमेरिकी जहाजांचा पाठलाग चालू होता. फ्रेंच कप्तानाने त्यांच्या ताकदीविषयी विचारले, तेव्हा बेनब्रिजने तोफांची संख्या बेधडक फुगवून सांगितली. फ्रेंचांनी पाठलाग थांबवला आणि दोन्ही जहाजे वाचली. सुटका झाल्यावर त्याला दोष तर मिळाला नाहीच, उलट बढती मिळाली.

दुसरा प्रसंग अधिक लाजिरवाणा होता, कारण तो लढाईविना घडला. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील अल्जिअर्स, ट्यूनिस व त्रिपोली ही राज्ये भूमध्य समुद्रातील व्यापारी जहाजांकडून खंडणी घेत आणि न देणाऱ्यांचे खलाशी कैद करून गुलाम करीत. १७९५ च्या तहानुसार अमेरिकाही अल्जिअर्सला दरवर्षी खंडणी देत असे. १८०० साली ती पोचवण्याचे काम ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या जहाजावरील कप्तान बेनब्रिजकडे आले. त्याने जहाज थेट किल्ल्याच्या तोफांच्या टप्प्यात नांगरले, आणि तेथेच तो फसला. अल्जिअर्सच्या सत्ताधीशाने हुकूम केला की ऑटोमन सुलतानाला पाठवायच्या भेटी आणि वकील याच जहाजाने कॉन्स्टँटिनोपलला न्यायचे, तेही डोलकाठीवर अल्जिअर्सचे निशाण लावून. नकार द्यावा तर जहाज जप्त, खलाशी गुलाम आणि समुद्रावर असलेल्या अमेरिकी व्यापाऱ्यांवर पुन्हा धाडी.

बेनब्रिज निघाला. जहाजावर वकील व त्याचा लवाजमा होता, घोडे, गुरे, शेकडाभर मेंढ्या होत्या, सिंह आणि शहामृग होते. शिवाय सुलतानाला भेट म्हणून पाठवलेले सुमारे शंभर आफ्रिकी गुलाम होते. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनचे नाव धारण करणाऱ्या जहाजातून माणसे भेट म्हणून निघाली होती. अमेरिकी इतिहासकार या सफरीविषयी लिहितात तेव्हा उतरवलेल्या निशाणाचे दुःख सविस्तर येते. त्या शंभर जणांचा उल्लेख मात्र सामानाच्या यादीत येतो. कॉन्स्टँटिनोपलला पोचलेली ही पहिली अमेरिकी युद्धनौका. तेथे बेनब्रिजचे स्वागत चांगले झाले, ऑटोमन नौदलप्रमुखाची त्याच्यावर मर्जी बसली, आणि परतताना तो अल्जिअर्सच्या तोफांच्या टप्प्याबाहेर नांगर टाकण्याइतका शहाणा झाला होता.

तिसरा घाव सर्वांत खोल बसला. ३१ ऑक्टोबर १८०३ रोजी बेनब्रिज ‘फिलाडेल्फिया’ ही ३६ तोफांची फ्रिगेट घेऊन त्रिपोलीची नाकेबंदी करीत होता. आपल्या सोबतचे लहान जहाज त्याने आधीच दुसरीकडे धाडले होते. एका शत्रूच्या गलबताचा पाठलाग करताना फ्रिगेट नकाशात नसलेल्या खडकावर चढली. मग चार-पाच तास सगळे उपाय झाले. शिडे उलटी भरून मागे सरकण्याचा प्रयत्न झाला, नांगर तोडले, तोफा समुद्रात फेकल्या, अखेर पुढची डोलकाठीही तोडली. जहाज हलले नाही. ते एका कुशीवर इतके कलले होते की भोवती जमलेल्या त्रिपोलीच्या तोफनौकांवर मारा करणेही अशक्य झाले. बेनब्रिजने अधिकाऱ्यांशी मसलत केली, तळाला भोके पाडण्याची आज्ञा दिली आणि निशाण उतरवले. ३०७ माणसे कैदेत गेली. दोनच दिवसांनी समुद्र चढला. त्रिपोलीच्या लोकांनी जहाज अलगद तरंगवले, फेकलेल्या तोफाही वर काढल्या आणि फ्रिगेट आपल्या बंदरात नेऊन उभी केली. भोके नीट पाडलीच गेली नव्हती.

कैद १९ महिन्यांची झाली. अधिकाऱ्यांना जुन्या अमेरिकी वकिलातीच्या घरात ठेवले होते. तेथे लेफ्टनंट डेव्हिड पोर्टरने तरुण शिकाऊ अधिकाऱ्यांसाठी अभ्यासवर्गही चालवले. साध्या खलाशांच्या वाट्याला दगड ओढणे, उपासमार आणि फटके आले. त्यांच्यापैकी विल्यम रे या सैनिकाने १८०८ साली आपल्या कैदेची हकीकत पुस्तकरूपाने छापली. अमेरिकी अधिकाऱ्यांच्या बेपर्वाईवर आणि खुद्द बेनब्रिजवर त्याने ओढलेले कोरडे आजही वाचण्यासारखे आहेत. नौदलाच्या गौरवग्रंथांच्या शेजारी हे पुस्तक ठेवावे, म्हणजे चित्र पुरे होते.

बेनब्रिज मात्र कैदेतही स्वस्थ बसला नाही. डेन्मार्कचा वकील निकोलस निसेन याच्या मदतीने तो बाहेर पत्रे पाठवी. वरवर साध्या मजकुराच्या ओळींमध्ये लिंबाच्या रसाने लिहिलेला गुप्त मजकूर असे. कागद गरम केला की अक्षरे उमटत. शत्रूच्या ताब्यातील ‘फिलाडेल्फिया’ जाळून टाकावी, ही सूचनाही त्याने अशाच पत्रातून केली. १६ फेब्रुवारी १८०४ च्या रात्री तरुण स्टीफन डिकेटर मूठभर सोबत्यांसह एका पकडलेल्या गलबतातून बंदरात शिरला आणि त्याने ती जाळली. डिकेटर एका रात्रीत राष्ट्रवीर झाला. ज्याचे जहाज जळाले तो कैदेतच राहिला. १८०५ च्या जूनमध्ये ६० हजार डॉलर मोजून कैद्यांची सुटका झाली. चौकशी मंडळाने बेनब्रिजला निर्दोष ठरवले. पण निर्दोष ठरणे वेगळे आणि विश्वास परत मिळणे वेगळे. मधली काही वर्षे तो रजा घेऊन पुन्हा व्यापारी जहाजांवर गेला, कारण घर चालवायचे होते.

१८१२ साली ब्रिटनशी युद्ध पुकारले गेले. अमेरिकेकडे लढाऊ जहाजे मोजकीच होती, आणि ती बंदरातच सुरक्षित ठेवावीत असा विचार वॉशिंग्टनमध्ये बळावला होता. बेनब्रिज आणि चार्ल्स स्ट्युअर्ट या दोन कप्तानांनी त्याला ठाम विरोध केला. सप्टेंबरमध्ये आयझॅक हलने ‘गेरिअर’वरील विजयानंतर ‘कॉन्स्टिट्यूशन’ सोडली आणि ती बेनब्रिजच्या हाती आली. खलाशांना हे रुचले नाही. हल त्यांचा लाडका होता. नव्या कप्तानाची ख्याती फटक्यांची आणि शरणागतीची. नाराजी उघडपणे व्यक्त झाली. अशा जहाजावर, अशा माणसांनिशी तो ऑक्टोबरच्या अखेरीस बॉस्टनहून दक्षिणेकडे निघाला.

येथे फ्रिगेट म्हणजे काय ते सांगायला हवे. तोफांचा एकच सलग मजला, हलका बांधा, भरपूर शिडे. मोठ्या युद्धनौकांपासून पळता यावे आणि बाकी सर्वांना गाठता यावे, अशी तिची रचना. दोन फ्रिगेटींची झुंज म्हणजे बरोबरीच्या मल्लांची कुस्ती, असे त्या काळी मानत. अमेरिकनांनी मात्र आपल्या फ्रिगेटी मुद्दाम मोठ्या बांधल्या होत्या. ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या मुख्य तोफा २४ पौंडी गोळे फेकत, तर ‘जावा’च्या १८ पौंडी.

‘जावा’ मुळात फ्रेंच जहाज. १८११ साली मादागास्करजवळ ब्रिटिशांनी ते पकडले होते. नोव्हेंबर १८१२ मध्ये कप्तान हेन्री लॅम्बर्ट ते घेऊन इंग्लंडहून पूर्वेकडे निघाला. जहाजावर मुंबईच्या सैन्याचे सरसेनापतिपद स्वीकारायला निघालेले लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप होते. काही अमेरिकी वृत्तांतांत त्यांना मुंबईचा गव्हर्नर म्हटले आहे, ते चूक. त्या पदावर सर इव्हान नेपियन होते. मुंबई गोदीत बांधल्या जाणाऱ्या ‘कॉर्नवॉलिस’ आदी जहाजांच्या तळाला मढवायचे तांब्याचे पत्रेही याच जहाजात भरले होते. आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे पुढे येऊ. खलाशांपैकी पुष्कळ जण नवखे होते. सफरीच्या सहा आठवड्यांत तोफा डागण्याचा त्यांचा सराव जवळजवळ झालाच नव्हता.

२९ डिसेंबरच्या सकाळी ब्राझीलच्या साल्वादोर बंदराजवळ दोन्ही जहाजांनी एकमेकांना पाहिले. ब्राझील तेव्हा पोर्तुगालचा, म्हणजे तटस्थ मुलूख. बेनब्रिजने ‘जावा’ला किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्रावर ओढून नेले आणि दुपारी दोनच्या सुमारास तोफा सुरू झाल्या.

सुरुवात त्याच्यासाठी वाईट होती. ‘जावा’ अधिक वेगवान होती आणि लॅम्बर्ट कसलेला दर्यावर्दी. शत्रूच्या जहाजाच्या नाळेसमोरून किंवा पिछाडीमागून आडवे जाऊन मारा केला, तर एकेक गोळा जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसे कापीत जातो. लॅम्बर्ट वारंवार तीच संधी साधू पाहत होता. बंदुकीची एक गोळी बेनब्रिजच्या कमरेखाली घुसली. थोड्याच वेळात एका तोफगोळ्याने ‘कॉन्स्टिट्यूशन’चे सुकाणूचे चक्र उडवून दिले आणि त्याबरोबर उडालेला तांब्याचा खिळा कप्तानाच्या मांडीत रुतला. चक्राविना जहाज म्हणजे लगामाविना घोडा. बेनब्रिज डेकवरच उभा राहिला. खालच्या मजल्यावर खलाशांनी दोरखंडांनी सुकाणू हाताने ओढायचे आणि कप्तानाचा हुकूम माणसांच्या साखळीतून तोंडोतोंडी खाली पोचवायचा, अशी व्यवस्था त्याने उभी केली. उरलेली सारी लढाई याच पद्धतीने लढली गेली.

आणि मग त्याने या लढाईतला सर्वांत धोक्याचा निर्णय घेतला. दूर राहून ‘जावा’च्या वेगाला वाव देण्यापेक्षा, वाटेत आडवा मारा सोसावा लागला तरी जवळ भिडायचे, असे ठरवून त्याने मोठी शिडे उभारली. तीनदा निशाण उतरवलेला माणूस अशा वेळी अतिसावध होईल, किंवा आंधळे धाडस करील, असेच कुणालाही वाटले असते. बेनब्रिजने दोन्ही टाळले. आपल्या जड तोफा आणि सरावलेले तोफची जवळूनच कामी येतील, हा हिशेब जखमी अवस्थेतही त्याने नेमका केला.

हिशेब बरोबर ठरला. ‘जावा’ची नाळेवरची पुढे झुकलेली काठी ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या मागच्या डोलकाठीच्या दोरखंडांत अडकली आणि मोडली. शत्रूच्या जहाजावर चढण्याचा लॅम्बर्टचा प्रयत्न फसला. पाठोपाठ पुढची डोलकाठी कोसळली. अमेरिकी डोलकाठीवरच्या मचाणातून सुटलेली गोळी लॅम्बर्टच्या छातीत बसली; स्वतः जखमी असलेल्या लेफ्टनंट हेन्री चॅड्सने सूत्रे हाती घेतली. चारनंतर बेनब्रिजने तोफा थांबवून जहाज बाजूला नेले आणि तासभर शांतपणे दोर-शिडांची दुरुस्ती केली. तोवर ‘जावा’चे लाकडी ओंडके झाले होते. चॅड्सची माणसे तरीही शिडाचे तुकडे टांगून लढण्याची तयारी करीत होती. साडेपाचच्या सुमारास ‘कॉन्स्टिट्यूशन’ परत येऊन नाळेसमोर आडवी उभी राहिली. एकही गोळा न सुटता ‘जावा’चे निशाण खाली आले.

ब्रिटिशांच्या मोजणीप्रमाणे त्यांचे २२ ठार व १०२ जखमी झाले. बेनब्रिजच्या मते मृतांची संख्या ६० च्या घरात होती. अमेरिकी बाजूला पहिल्या मोजणीत नऊ मृत भरले. पुढे जखमांनी आणखी काही दगावले. ‘जावा’ इतकी फुटली होती की ती घरी नेणे अशक्य होते. बेनब्रिजने तिचे सुकाणूचे चक्र काढून आपल्या जहाजावर बसवले आणि नववर्षाच्या उंबरठ्यावर तिला आग लावली. तांब्याचे पत्रे समुद्राच्या तळाशी गेले. साल्वादोरला कैद्यांना शब्दावर सोडण्यात आले. दोघा अधिकाऱ्यांच्या आधाराने बेनब्रिज मरणासन्न लॅम्बर्टपाशी गेला आणि त्याने त्याची तलवार त्याला परत केली. लॅम्बर्ट काही दिवसांतच वारला. चॅड्सला लष्करी न्यायालयाने सन्मानाने मुक्त केले. पुढे ब्रिटिश नौदलाच्या तोफखाना प्रशालेचा तो प्रमुख झाला. नवख्या तोफचींची किंमत त्याच्याइतकी कुणाला ठाऊक असणार!

आता ती राहिलेली गोष्ट. मुंबईला एक नवी फ्रिगेट बांधण्याचा हुकूम १८१२ मध्ये निघाला होता आणि तिचे आराखडे ‘जावा’वर होते. ते गेल्याने दुसरी प्रत पाठवावी लागली, काम रखडले, आणि जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली ती फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. तिचे नाव ‘त्रिंकोमाली’. ती आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत उभी आहे. ब्रिटनमधील वाचकांनी पाहुण्यांना तेथे जरूर न्यावे.

हिस्लॉप मुंबईच्या त्या पदावर पोचले नाहीत, पण हिंदुस्थानात मात्र आले, मद्रासच्या सैन्याचे सरसेनापती म्हणून. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या सैन्याचा पराभव करणारे ते हेच. दोन महिन्यांनी, २७ फेब्रुवारी १८१८ रोजी, तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यावर त्यांनी किल्लेदार तुळशीराम यांना फाशी दिले. किल्ल्यातील सुमारे ३०० अरब शिबंदीची कत्तल झाली. ब्रिटिश संसदेने विजयाबद्दल आभाराचा ठराव केला, तेव्हा थाळनेरचे प्रकरण त्यातून जाणीवपूर्वक वगळले. शत्रूच्या हाती सापडल्यावर बेनब्रिजकडून सौजन्याची वागणूक मिळालेला हा सेनानी खानदेशात तसा वागला नाही.

फेब्रुवारी १८१३ मध्ये बेनब्रिज बॉस्टनला परतला तेव्हा शहर रस्त्यावर लोटले होते. काँग्रेसने सुवर्णपदक दिले. सहा महिन्यांत तीन फ्रिगेटी गमावल्यावर ब्रिटिश नौदल कार्यालयाने आपल्या कप्तानांना मोठ्या अमेरिकी फ्रिगेटींशी एकट्याने न लढण्याचा आदेश दिला. पुढची वर्षे बेनब्रिजने चार्ल्सटाउन गोदीत काढली. तेथे त्याने ‘इंडिपेन्डन्स’ हे मोठे युद्धजहाज बांधून घेतले आणि नौदल अधिकाऱ्यांसाठी शाळा सुरू केली.

विजयाने स्वभाव मात्र निवळला नाही. १८१५ साली अल्जिअर्सवर मोहीम निघाली. जेथे निशाण उतरवावे लागले तेथे तोफा घेऊन जाण्याची ही त्याची संधी होती. डिकेटर आधी निघाला आणि बेनब्रिज पोचण्यापूर्वीच तह करून मोकळा झाला. दोघांत पाच वर्षे अबोला होता. तो सुटला आणि लगेच, मार्च १८२० मध्ये, कप्तान जेम्स बॅरनशी ठरलेल्या द्वंद्वात बेनब्रिज डिकेटरचा साहाय्यक म्हणून उभा राहिला. अंतर केवळ आठ पावलांचे ठेवले गेले. मैदानावर दोघे प्रतिस्पर्धी समेटाच्या भाषेत बोलू लागले होते, असे म्हणतात. साहाय्यकांनी ते पुढे नेले नाही. डिकेटर त्याच रात्री मरण पावला. बेनब्रिजच्या हेतूविषयी तेव्हा उठलेली कुजबूज आजवर पुरती थांबलेली नाही. मला त्यात कटापेक्षा ताठरपणा अधिक दिसतो, पण त्याने डिकेटरचे मरण टळले नाही.

त्यानंतर भूमध्य समुद्रात एक सफर, नौदल आयुक्त मंडळावर काही वर्षे आणि वाढत जाणारे आजारपण. २७ जुलै १८३३ रोजी विल्यम बेनब्रिज वारला. त्रिपोलीच्या खडकावर गमावलेल्या जहाजाला ज्या शहराचे नाव होते, त्याच फिलाडेल्फियात, क्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.